अकरा दिवस

मुरारच्या सैनिक कल्याण कार्यालयात
पंखा फिरतो, वारा येत नाही.
बाबांच्या मांडीवर पिशवी:
डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद,
माझी बारावीची गुणपत्रिका, तीन झेरॉक्स
आणि का कोण जाणे, आईचं जुनं रेशनकार्ड.

"नंबर?" भदौरियासाहेब विचारतात.
बाबा बसल्याबसल्या ताठ होतात,
सगळे आकडे एका दमात.
"बच्ची की जन्मतिथि?"
बाबा माझ्याकडे बघतात.

चौदा मार्च, मी सांगते.
साहेबांचा चष्मा कपाळावर चढतो.
"रेकॉर्ड में तो पच्चीस है, इंगळेजी.
स्कॉलरशिप अटकेगी."

मग बाबा बोलतात, टेबलाच्या कडेकडे बघत,
मराठी-हिंदीच्या मधल्या कुठल्याशा भाषेत:
चौकीवर बर्फ होतं. फोन बंद.
हेलिकॉप्टरनं पोती टाकली, पिठाच्या पोत्यात चिठ्ठी.
रॉकेलचा वास येत होता तिला.
ज्या दिवशी कळलं,
तीच तारीख लिहून दिली.

भदौरियासाहेब पेन नुसतंच धरून बसतात.
मग एक ऍफिडेव्हिट, एक फॉर्म, मंगळवारी या.
"और कान की मशीन?
पॉलिक्लिनिक में मिलती है, लेते क्यों नहीं?"
बाबांना ऐकू येत नाही.
मी गुणपत्रिकेच्या झेरॉक्समागे लिहून घेते.

परतताना टेम्पोत, त्यांच्या बऱ्या कानाशी, ओरडून:
"पंचवीसच राहू द्यायची का, बाबा?"

पुढच्या सीटवरची बाई वळून बघते.

"वेडी आहेस का," बाबा म्हणतात,
"फी कोण भरेल?"
आणि पिशवीची गाठ पुन्हा एकदा
ओढून बघतात.