उतारा

ऑगस्ट लागला की काळ्या समुद्राकाठच्या या दुकानात
दोन गोष्टींचे भाव निघतात :
हेझलनटचा, आणि माणसांचा.

हेझलनटचा मी काढतो.
पोत्यात नळी खुपसून मूठभर उपसतो,
अडीचशे ग्रॅम तोलून फोडतो,
किडका, पोकळ, सुरकुतलेला बाजूला सारतो,
उरलेला गर पुन्हा तोलतो
आणि सांगतो : उतारा पन्नास. उतारा सत्तेचाळीस.
सव्वीस वर्षं झाली. शिव्या खाल्ल्या, आकडा बदलला नाही.

माणसांचा भाव दाराबाहेरच्या बाकावर निघतो,
न फोडताच.

"सेनेगलचा तो बॅक आणलाय,"
शुक्रू चहात साखर ढवळत म्हणतो,
"गुडघा दोनदा कापलेला."
"एकदा," इद्रिस म्हणतो, जणू टाके त्यानेच घातले.
"आणि गोलकीपर छत्तीस वर्षांचा!
तो काय चेंडू अडवणार?
त्यालाच बोटीतून उतरताना हात द्यावा लागेल."
मुहसिन मास्तर, निवृत्त, विषय भूगोल,
नव्या हाफच्या जन्मगावाची उंची सांगतात :
"दोन हजार सहाशे मीटर. फुप्फुसं चांगली असणार."
यावर कुणाला काही बोलता येत नाही.

भूशिराच्या पल्याडच्यांनी ब्राझीलचा घेतलाय.
"ब्राझीलचा कसला, तिथे तो टायर विकत होता!"
(आपण घेतला असता
तर त्याच्या पायात जन्मतःच नाच असता.)
फोन हातोहात फिरतो, तीन मिनिटांचा व्हिडिओ,
तीन मिनिटांत तो सहा जणांना चकवतो.
"तीन मिनिटं," इद्रिस म्हणतो,
"माझ्या लग्नाचीसुद्धा छान निघाली होती."

मग यालचिनचा विषय निघतो,
आणि चमचे जरा जोरात वाजू लागतात.
इथलाच पोरगा. डावा पाय. गेल्या आठवड्यात
पल्याडच्यांनी उचलला,
एका जुन्या ट्रकच्या किमतीत.
"सोनं मातीमोल दिलं," शुक्रू कपाळावर हात मारतो.
मार्चमध्ये याच शुक्रूने
कुंपणावर चढून त्याला विचारलं होतं,
बाळा, गोल कुठल्या बाजूला असतो ते माहीत आहे का?
सगळं स्टँड हसलं होतं.
मीही.

ट्रॅक्टर थांबतो.
गुलिझार उतरते, यालचिनची आई,
चार पोती, बोटं टरफलांच्या चिकाने काळी.
बाकावर एकदम चौघांनाही समुद्र बघावासा वाटतो.
इद्रिस उठून जागा देतो. ती बसत नाही.

मी नळी खुपसतो, तोलतो, फोडतो.
टक्. टक्. एवढाच आवाज.
एक पोकळ निघतो. एक किडका.
"यंदा वेचायला दोन हात कमी होते," ती म्हणते,
तक्रार नाही, नुसता हिशोब.

शुक्रूला राहवत नाही :
"तिकडे घर मिळालं का त्याला?"
"मिळालं."
"जेवणाचं?"
"जेवतो."
आणि मग, पोत्याचं तोंड बांधता बांधता,
"ऑक्टोबरात येतोय इथे, त्यांच्याकडून खेळायला.
शिट्ट्या माराल ना?"
"छे, छे! आपला पोरगा तो—"
"मारा," ती म्हणते.
"नाहीतर त्याला वाटेल, गाव चुकलं."

गर तोलला. काटा एकोणपन्नासच्या जरा खाली थांबला.
माझा अंगठा ताटलीच्या कडेजवळ होता,
कडेला लागला नव्हता.
एवढंच म्हणतो, जवळ होता.
अठ्ठेचाळीस लिहिले, तिने पैसे दोनदा मोजले,
ट्रॅक्टर चढावर धापा टाकत गेला.

बराच वेळ कुणी चहा मागवला नाही.
मग इद्रिसने फोन पुन्हा काढला,
त्या म्हाताऱ्या गोलकीपरचा फोटो
दोन बोटांनी मोठा केला, चेहरा निरखला.

"छत्तीस म्हणजे," तो म्हणाला,
"तसं काही वय नाही."