चव्वेचाळीस बाय वीस

उद्यमनगरात, बंद पडलेल्या फाउंड्रीमागं जागा मिळाली.
त्याआधी तीन नाकारल्या.
बावड्यातली वाऱ्याच्या तोंडावर,
फूल मारलं की ते नदीकडंच निघायचं.
रंकाळ्याकडची पूर्व-पश्चिम पडलेली,
संध्याकाळी एकाच्याच डोळ्यांत सगळा सूर्य.
तिसरी तालमीशेजारची. वस्ताद म्हणाले, खुशाल घ्या.
पण ती माती पाठ टेकवायला कालवलेली,
ताक-हळद पिऊन मऊ झालेली.
पळणाऱ्याचा पाय ती सोडत नाही.

इथं उदबत्ती लावून तासभर बसलो.
"कुणाचा नैवेद्य, साहेब?" दस्तगीरनं विचारलं.
वाऱ्याचा, म्हणालो.
धूर सरळ वर गेला.

चौतीस वर्षं भूमापनात काढली,
हातकणंगले, कागल, गडहिंग्लज.
सख्ख्या भावांच्या मधून साखळी ओढली,
दगड रोवला,
आणि सकाळी तो दीड हात सरकलेला पाहिला.
म्हणून इथं कर्ण दोनदा मोजला.
अठ्ठेचाळीस फूट चार इंच.
दुसराही तेवढाच.

मुरूम पसरला, पाणी मारलं,
बागेतला रोलर माळ्याच्या हातापाया पडून आणला.
खांब दस्तगीरचे, भंगारातल्या शाफ्टचे,
बुडाला ट्रकचे ब्रेक ड्रम.
"वादळात बी हालायचं न्हाई."
जाळं कडेला पाच फूट एक इंच, मध्ये पाच.
"मधी झोळ कशाला ठेवायचा?"
नियम आहे, म्हणालो.
खरं तर कुठलीच दोरी
कितीही ताणली तरी सरळ राहत नाही,
आणि कुणीतरी ते मान्य करून
लिहून ठेवलंय, याचं मला बरं वाटलं.

चुना नातीनं, सन्मतीनं कालवला. रेघा मी मारल्या.
मागची एक थरथरली.
राहू दे आजोबा, ती म्हणाली.
पुसली. पुन्हा मारली.

पहिल्याच डावात, सात-सातवर,
फूल नेमकं त्याच रेघेपाशी पडलं.
"आत!"
"भायेर हाय, भायेर!"
दोघंही माझ्याकडं वळले,
तसेच, हात कमरेवर ठेवून,
जसे बांधावर उभे राहायचे लोक.

मी वाकलो. फूल उचललं.
बुचाला चुन्याचा एक कण लागला होता.
लगेच काही बोललो नाही.
उन्हाकडं धरून बघत राहिलो.
उभ्या नोकरीत असा पुरावा
मला एकदाही मिळाला नव्हता.