नावावर

ट्रेव्हॅरो वकील चष्मा पुसत म्हणाले,
"इल्मा, आर्व्होच्या नावावर काहीही ठेवू नका.
घर नको, तळ्याकाठची सॉनाची खोली नको,
वाइनोच्या विम्याचे पैसे तर मुळीच नकोत.
दोन हजार डॉलरच्या वर एक सेंट जरी
त्याच्या नावावर दिसला,
तरी महिन्याची मदत थांबेल,
दवाखान्याचं कार्डही जाईल."

आईने ऐकू येणारा कान पुढे केला.
"म्हणजे मी लिहायचं, माझ्या मुलाला काही नाही?"
"अगदी तेच. सरळ, स्वच्छ शब्दांत.
त्याचं जे काही आहे ते ट्रस्टचं होईल,
आणि ट्रस्ट त्याचा कधीच होणार नाही."

बाहेर एप्रिल. सुपीरियर सरोवराचा बर्फ
आतल्या आत कण्हत होता, फुटत नव्हता.
आर्व्हो खिडकीशी, त्रेचाळीस वर्षांचा,
लोहखनिज न्यायला हंगामातली पहिली बोट
दिसते का बघत.

त्याच्या नावावर काही नको!
अहो, याचं नाव आमच्या घरात नाही कुठे?
बर्फ उपसायच्या फावड्यावर,
कॉफीच्या डब्यावर, ज्यात तो नाणी टाकतो,
बाबांच्या गमबुटांच्या तळव्यावर,
टोस्टरवरसुद्धा.
काळ्या जाड पेनने चार अक्षरं,
शेवटचा ओ भला मोठा,
भोंगा वाजवणाऱ्या तोंडासारखा.

तो जन्मला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, विशीपर्यंत.
आईबाबांनी तोच हिशेब धरला:
आपणच याला पोचवायचं, मग आपण निघायचं.
म्हणून कोणी काही साठवलं नाही.
बाबा गेले. आई अठ्ठ्याहत्तरची झाली.
आर्व्होने मात्र परवाच नवे बूट मागितले,
एक माप मोठे,
पाय अजून वाढेल म्हणून.

वकिलांनी आणखी एक कागद सांगितला,
कोर्टात ज्याला किंमत नाही असा.
"तुमच्या पश्चात त्याचं कसं करायचं, ते लिहून ठेवा."
घरी आल्यावर आईने
स्वयंपाकघरातल्या टेबलावर अकरा पानं लिहिली.

शर्टाच्या मानेची पट्टी कापून टाकावी, टोचते.
मंगळवार, गुरुवार, शुक्रवार हॉटेलच्या लाँड्रीत टॉवेल घड्या करतो.
त्याच्या घड्या मोडून पुन्हा घालू नयेत.
सॉनात दगडांवर पाणी तोच ओततो.
कितीही वाफ झाली तरी ओतू द्यावं.
बोटीचे भोंगे मोजतो, तीन लांब, दोन आखूड.
मोजून होईपर्यंत गाडी सुरू करू नये.
मी कुठे गेले असं विचारलं तर

इथे आईने खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं.
सातव्या पानावर ती ओळ अजून तशीच आहे.

जूनमध्ये सह्या झाल्या.
विश्वस्त: लेंपी कांगास, वय बावन्न,
विवाहित नाही, मूल नाही.
ती मी.
खाली आणखी एक ओळ होती:
लेंपीच्या पश्चात.
ट्रेव्हॅरोंनी तिच्यावर पेन्सिलीने बारीक फुली मारली.
"घाई नाही," म्हणाले,
पण पेन्सिल बराच वेळ तिथेच ठेवली.
मी चुलत भावंडं आठवून पाहिली.
एक अलास्कात, एक बाटलीत,
एकाशी चौदा वर्षं बोलणं नाही.

आर्व्होने मृत्युपत्राची प्रत मागून घेतली.
प्रत्येक पानावरून बोट फिरवलं.
वाचता येत नाही, पण आपली चार अक्षरं त्याला कळतात.
ती एकाच ओळीत सापडली, 'काही नाही'च्या शेजारी.
"मी आहे," तो म्हणाला. खूश झाला.
आईने खिडकीकडे तोंड फिरवलं.

नोव्हेंबरात पहिल्या हिमाच्या दिवशी
हातमोजे चढवताना आत काहीतरी काळं दिसलं.
उलटा करून पाहिला.
मनगटाच्या अस्तरावर चार अक्षरं,
ओ शिवणीबाहेर गेलेला.
दुसऱ्यातही.

मी अजून कोणाला दाखवलेले नाहीत.
सोमवारी चौदा वर्षांपूर्वीचा तो नंबर फिरवला.
वाजत राहिला.
मी मोजत होते.