संस्थेचा पीसी

चारांपैकी दोन स्क्रू गंजून कॅबिनेटशी एकजीव झालेले.
खोबरेलाचा थेंब सोडला, वाट पाहत बसले.
खाली हर्णैच्या पुळणीवर दुपारचा लिलाव,
सुरमईचा आकडा खिडकीतून वर येतो
आणि पंख्यात अडकून दोनदा ऐकू येतो.

आत धूळ नव्हती, धुळीचं मीठ होतं.
मदरबोर्डाच्या कडेला हिरवट बुरा,
पॉवर सप्लायमागे पालीची दोन अंडी,
फुटलेली, शिंपल्याहून हलकी.
रॅम उपसली, शाळेतल्या खोडरबरानं
तिचे सोनेरी दात घासले.
एवढ्यानं अर्धे आजार बरे होतात.
हा झाला नाही.

"डेस्कटॉपवर काय काय होतं, सांगा आधी."
चेअरमन पदू चोगल्यांना माहीत नाही.
माहीत होतं ते रघुवीर क्लार्कना.
ते गेल्या शिमग्याला निवृत्त होऊन
लेकीकडे बोईसरला राहतात,
फोन उचलतात, ऐकू कमी येतं.
"सी ड्राइव्ह!" मी ओरडले. "सी ड्राइव्हवर काही आहे का?"
"शीड? शीड कोठीत हाय गो! घडी घालून ठेवलाय!"

या भागातील सर्व माहिती पुसली जाईल.
बोट क्षणभर हवेत राहिलं.
अकरा वर्षं हेच काम करते, तरी राहतंच.

एकसष्ट टक्क्यांवर वीज गेली.
यूपीएस टिटवीसारखा ओरडला, मग गप्प.
चहा आला.
वीज आली.
पुन्हा शून्य.

संध्याकाळी पडदा उघडला तेव्हा सगळं फुगलेलं,
पाण्यात भिजून सुकलेल्या वहीसारखं.
"ड्रायव्हर नाहीत अजून," मी म्हटलं.
दारातला बोटवाला थबकला, "पगार किती देतंव?"
तांडेल म्हणा, मी सांगितलं,
तेव्हा त्याला कळलं:
लाकूड आहे, इंजिन आहे, डिझेल आहे,
सुकाणूवर कुणी नाही.

नेटचा ड्रायव्हर नेटवर असतो.
नेटवर जायला नेटचा ड्रायव्हर लागतो.
चोगले हसले नाहीत.
"आमच्या जेटीचं तेच. बांधायला सामान बोटीनं आणायचं,
बोट लागायला जेटी पायजे."
टॉर्च मारून चिपवरचा नंबर वाचला,
गच्चीच्या ज्या कोपऱ्यात रेंज येते
तिथं सुकत घातलेल्या बोंबलांखाली वाकून
सहा एमबी उतरवून घेतले.

घड्याळ म्हणत होतं, एक जानेवारी दोन हजार नऊ.
रोज सकाळी रघुवीर हातानं तारीख घालायचे म्हणे,
आधी तारीख, मग देवाला फूल.
सेल बदलला. पस्तीस रुपये.
मशीननं सगळी वर्षं एका घोटात गिळली,
ढेकरही दिला नाही.

डी ड्राइव्ह शाबूत.
बोटींची यादी उघडली तर
टोप्या घातलेले ए, दोन डोळ्यांचे ओ,
मध्येच उलटं प्रश्नचिन्ह, कुठल्याशा देशाचं नाणं.
पदूशेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
"हे आमचंच हाय?"
तुमचंच. फॉन्ट गेलाय.

ड्रॉवरमध्ये टाचण्या, शिक्क्याची वाळलेली शाई,
आणि तळाशी एक सीडी.
तिच्यावर मार्करनं, रघुवीरांच्या तिरक्या अक्षरात,
एकच शब्द: मराठी.

ती ओरखड्यांवर अडखळली, थांबली, फिरली.
मग नावं वर आली, एकेक,
ओहोटीला खडक यावेत तशी:
दर्यासारंग. गौसिया. चंद्रभागा दोन.
आई महामाई, हिच्यापुढे कंसात: विकली.
पदूशेठ मोठ्यानं वाचत गेले,
विकलेल्या नावाशी थांबले, पुढे गेले.

आवाजाचा ड्रायव्हर तेवढा राहिला.
"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "हितं आवाजाला काय तोटा?"

बिल लिहिलं. फॉरमॅट पाचशे, सेल पस्तीस.
फॉन्टचे किती लावायचे, कळेना. नाही लावले.
कागदात गुंडाळलेले चार बांगडे
डिकीत, स्क्रूड्रायव्हरच्या शेजारी.

आसूदच्या चढाला फोन वाजला. बोईसरहून.
"शीड गावला काय गो?"
गाडी कडेला घेतली,
आणि जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडले,
"गावला!"