हौद चार, साडेचार

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, रंगखात्यामागे
माझी खोली. एक खुर्ची, एक पंखा,
एक म्हातारा सर्व्हर.
धूळ नको म्हणून कुणीतरी रोज त्याच्यावर टॉवेल टाकतं,
तापतो म्हणून मी रोज काढते.
टॉवेल आमचाच, दुय्यम प्रतीचा.

कारखान्याचं कॅलेंडर म्हणजे एक साधी फाइल.
एका ओळीत एक काम: तारीख, वेळ, कोण, काय.
चित्र नाही, चौकट नाही, रविवार लाल नाही.
काळ्या पडद्यावर राखाडी अक्षरं,
आणि चार खात्यांतले चार संगणक
त्या एकाच फाइलकडे बघत बसलेले.

मराठी तिथे नीट उमटत नाही.
वेलांटी सुटते, काना शेजारच्या घरात जाऊन बसतो,
म्हणून गुर्रम मास्तर रोमन अक्षरांत मराठी लिहितात,
घाईत असले की तेलुगू.
इलियासभाईंचं सूत यायचं असेल तेव्हा
ओळीच्या शेवटी तीन उद्गारचिन्हं.

लिहिता येतं एका वेळी एकालाच.
दुसऱ्यानं उघडायला घेतली की पडदा सांगतो:
फाइल गुर्रमकडे आहे.
मग आवारातून हाक जाते,
"मास्तर, जेवायला जाताना मिटून जावा की हो!"

पाणी पाचव्या दिवशी. ती ओळ माझी,
आणि ती नेमानं खोटी ठरते.
जानेवारीत गड्डा भरला की पंधरा दिवस
प्रत्येक कामापुढे कुणीतरी 'बहुतेक' जोडून ठेवतं.

दुपारी काम नसलं की मी जुनी सालं काढते.
सतराशे बावन्न, सप्टेंबर:
दोन तारखेला लागून थेट चौदा.
मास्तरांना बोलावून दाखवलं.
म्हणाले, "आपल्याकडं क्षय होतो तो एखाद्या तिथीचा,
ह्यांनी ठोकच उचलल्या."
बराच वेळ पडद्याकडे बघत उभे राहिले.
"मग त्या अकरा दिवसांचा पगार?"

एप्रिलात एका सोमवारी ओळ दिसली.
सतरा तारीख. साडेचार. हौद चार.
'कोण' रिकामं. 'काय'सुद्धा.

मास्तरांना वाटलं, मालकीणबाईंची तपासणी.
इलियासभाईंना वाटलं, रंग उतरल्याचं खापर
पुन्हा आपल्याच सुतावर.
सरोजा मादगुंडी हिशेबाची वही घेऊन आल्या,
कशाला ते त्यांनाही माहीत नव्हतं.
मला नोंदीत दिसत होतं:
बॉयलरजवळचा संगणक, पहाटे पाच चाळीस.
त्या वेळी तिथे एकच माणूस असतं.

निंगव्वा हौदाच्या तळाशी उभी होती,
पदर खोचून, गुडघ्यांपर्यंत निळी.
वर काठावर आम्ही, चपला घालून.

"चार माणसं लागतेत म्हणून लिवलं," ती म्हणाली.
"एकटीनं नऊ वर्षं झाली. पोरीनं अक्षरं शिकवली.
नाव बी लिवायचं असतंय व्हय?
मला वाटलं, कळंल."

कुणी काही बोललं नाही.
इलियासभाईंनी आधी घड्याळ काढून खिशात ठेवलं,
मग चपला काढल्या.
मास्तरांना ब्रश कसा धरायचा ते तिनं दोनदा सांगितलं.
सरोजाबाईंनी वही कुठे ठेवावी कळेना म्हणून
शेवटपर्यंत काखेतच धरली, एका हातानं पाणी ओतलं.

रात्री मी नऊ वर्षांची फाइल चाळली.
'हौद' एवढाच शब्द शोधला.
रंग भरणे. रंग काढणे. गळती.
रंग भरणे. रंग काढणे. रंग भरणे.
काढणे आणि भरणे,
एकाखाली एक, चिकटून.

पुढच्या सोमवारी पाण्याची वेळ बदलली,
सकाळचे सहाही वाजले नव्हते.
ओळ दुरुस्त करायला गेले तर पडदा म्हणाला:
फाइल निंगव्वाकडे आहे.

ती एकेक अक्षर शोधून दाबते.
मी पंखा लावला, टॉवेल काढला,
आणि थांबले.