कारण अज्ञात

फ्रीसलंडमध्ये, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
गोठ्याने येल्त्शेला फोन केला.
गोठ्याने म्हणजे धार काढणाऱ्या यंत्राने.
निरोप दोनच शब्दांचा:
कारण अज्ञात.

मुलगा ग्रोनिंगनला गेलेला. म्हणून एकाहत्तराव्या वर्षी
तिने झोपायच्या कपड्यांवरच रबरी बूट चढवले
आणि कालव्याकाठचं धुकं गुडघ्यांनी सारत निघाली.

आत सत्तेचाळीस नंबर. येल्त्शेसाठी क्लास्क.
कास तुडुंब,
पोटाखाली यंत्राचा हात अर्ध्यावर थबकलेला,
लाल दिवा उघडझाप करणारा.
कुणी कुणाला नकार दिला, कळायला मार्ग नव्हता.

जुन्या सवयीने तिने गाईच्या मांडीला कपाळ टेकलं,
सडांवरून बोटं फिरवली. पान्हा सुटला.

यंत्राला दूध कळतं.
किती लिटर, किती साय,
कोणत्या सडाला सूज येणार, तिच्या दोन दिवस आधी.
पान्हा कळतो का?
विब्रेन म्हणतो, आई, ते फक्त मोजतं.

मोजणं तिला ठाऊक आहे.
नवरा गेला त्या वर्षी तिनेही नुसत्या बादल्या मोजल्या.
आत कुणी आहे का, असं तेव्हा
शेजारच्यांनीही विचारलं नव्हतं.

आणि त्याही आधी, ती नऊ वर्षांची असताना:
वासरू नेलं, गाय तीन रात्री हंबरत राहिली.
आजोबा पावाला लोणी लावत म्हणाले,
झोप गं, तो नुसता आवाज असतो,
बिजागरी करकरते ना, तसा.
आजोबा वाईट नव्हते.
त्यांना खात्री होती, एवढंच.

तेव्हापासून कुणी खात्रीने बोलू लागलं,
आहे म्हणो की नाही म्हणो,
ती उठते आणि कॉफी ठेवते.

यंत्राचा हात ऊबदार लागला.
मोटर आहे, तापणारच. इतकं तिला समजतं.
भिंगावर शेणाचा शिंतोडा वाळला होता,
कारण तेच असेल, किंवा नसेलही.
तिने गाऊनच्या टोकाने तो पुसला,
काच पुसतात तसाच, फक्त जरा हलक्या हाताने.

हिरव्या बटणावर बोट ठेवलं
आणि उगाचच घसा खाकरला,
परक्या दारात उभं राहून खाकरतात तसा.

तेवढ्यात क्लास्क मुतली, थेट बुटांवर.
येल्त्शेने फ्रीजियन भाषेत एक शिवी हासडली,
दोघांपैकी नेमकी कुणाला, सांगता येत नाही.
हात हलू लागला.