पाणी कुठं मुरतं

लाइपझिगच्या पूर्वेकडची जुनी इमारत, लिफ्ट नाही,
ब्याऐंशी पायऱ्या.
दर शनिवारी एकेहार्ट दोन गठ्ठे वर नेतो,
सहा बाटल्या या हातात, सहा त्या,
नऊ-नऊ किलो.
दुसऱ्या मजल्यावर थांबतो, गुडघ्याशी काहीतरी बोलतो,
पुन्हा निघतो.

हा माणूस एकतीस वर्षं जलखात्यात होता.
रात्री दोननंतर, ट्राम झोपल्यावर,
लोखंडी कांब रस्त्याला टेकवायची
आणि टोकाशी कान लावून उभं राहायचं.
कुठं पाणी मुरतंय ते शोधणं
हीच त्याची नोकरी, अगदी शब्दशः.
शहराचं पाणी कुठल्या गावच्या वाळूखालून निघतं,
किती दिवस अंधारात गाळलं जातं,
त्यात चुना किती, लोह किती,
सगळं तोंडपाठ, पाढ्यासारखं.
आणि त्याच्याच स्वयंपाकघरात
नळाला काम फक्त भांडी विसळायचं.

बाटलीवर डोंगर छापलाय. बर्फाचा, निळसर.
खरा डोंगर इथून साडेपाचशे किलोमीटर.
तिथून हे पाणी ट्रकात बसून येतं
आणि वाटेत ट्रक स्वतःची तहान डिझेलवर भागवतो.
एकेहार्टनं एकदा जुन्या वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडला:
ट्रक, प्लॅस्टिक, झाकण,
झाकणाखालची कडी, गठ्ठ्यावरचं आवरण.
आकडा वाढत गेला, कागद संपला.
रोझविटानं चष्मा लावून तो नीट वाचला,
घडी घातली
आणि डगमगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.
तेव्हापासून टेबल हलत नाही.

तो वाद घालत नाही. त्याला माहीत आहे,
ती कारखान्यांच्या गावात वाढली,
जिथं नदीचा रंग बघून मुलं वार सांगायची.
तिची आई पाणी उकळायची,
फडक्यातून गाळायची, पुन्हा उकळायची,
आणि तरी लेकीला पेला देताना
क्षणभर तो हातातून सोडायची नाही.
तो क्षण रोझविटाच्या जिभेवर अजून आहे.
प्रयोगशाळेच्या तक्त्यात
त्याच्यासाठी रकाना नाही.

रिकाम्या बाटल्या तळमजल्यावरची सीग्लिंडे नेते.
बाटलीमागे पंचवीस सेंट.
तिचं पेन्शन विसाव्या तारखेला संपतं, महिना संपत नाही.
दुकानातल्या यंत्राच्या तोंडात ती एकेक बाटली देते,
आत डोंगर चुरडल्याचा आवाज होतो,
पावती बाहेर येते.
‘तुमच्या तहानेवर माझी दिवाबत्ती चालते,’ म्हणते,
हसते, पण फार नाही.
एकेहार्टला वाटतं, हेही हिशेबात धरायला हवं होतं.
कुठल्या बाजूला, ते त्याला ठरवता येत नाही.

ऑगस्टात नात आली, फेनिया, सात वर्षांची.
खेळून, धापा टाकत, सरळ स्वयंपाकघरात.
स्टूल ओढलं, मान वाकडी केली,
आणि तोंडच लावलं नळाला.
कानात पाणी, नाकात पाणी, बाही कोपरापर्यंत ओली.
रोझविटा खुर्चीतून अर्धी उठली.
हात पुढं आला
आणि तिथंच, हवेत, थांबला,
जसा कुणी पेला धरून ठेवतो तसा.
मग बोटं हळूहळू सैल झाली.
‘गार आहे,’ फेनिया म्हणाली, आणि पळाली.
नळ तसाच चालू.
रोझविटानं तो बंद केला, पण लगेच नाही.
एकेहार्ट दारात उभा होता. त्यानं वर्तमानपत्र वर केलं,
उलटं होतं, तरी वाचत राहिला.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही.
पावाबद्दल बोलले, शेजारच्यांच्या कुत्र्याबद्दल बोलले.

शनिवारी यादीत, बटाट्याच्या खाली, नेहमीच्या अक्षरात:
पाणी. पुढं बारा. बारावर रेघ.
सहा.

ब्याऐंशी पायऱ्या.
एका हातात गठ्ठा, दुसरा हात रिकामा,
त्याचं काय करायचं हे त्याला पहिल्या मजल्यापर्यंत
सुचलंच नाही.
मग त्यानं कठडा धरला.
गुळगुळीत होता, लाकडी, थोडा ऊबदार.
इतकी वर्षं इथं होता म्हणे.